निरोपाच्या पार्टीत कुणीच आउट नाही: मोठ्या गटाचे खेळ आणि क्विझ, एक प्रकरण

मोठ्या गटाचा निरोप समारंभ होता. मुलं २६, वय ५ ते ६, आम्ही दोघी ताई, मदतीला चार पालक, एक हॉल आणि हातात दीड तास. त्यातला पहिला अर्धा तास गाणी आणि फोटो यात जाणार हे ठरलेलंच, म्हणजे खेळ आणि क्विझ मिळून उरला एक तास.

ऐकायला एकदम सोपं वाटतं, चार खेळ घ्यायचे, दहा प्रश्न विचारायचे, झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण दहा दिवसांत आमचा प्लॅन जवळजवळ पूर्ण बदलला, आणि तो का बदलला ते सविस्तर लिहून ठेवतेय, कारण ज्यांना असा कार्यक्रम करायचाय त्यांना यातलं बरंच आयतं वापरता येईल.

आधी मुलांबद्दल थोडं. बहुतेक जण दोन वर्षं एकत्र होते. एक मुलगा मात्र चारच महिन्यांपूर्वी आलेला. एकाला मोठा आवाज अजिबात सहन होत नाही, टाळ्या वाढल्या तरी दोन्ही कानांवर हात जातात. एका मुलीच्या घरी वेगळी भाषा बोलतात, तिला आमचं सगळं समजतं पण उत्तर तोंडातून बाहेर यायला वेळ लागतो. आणि एक मुलगी अगदी शांत, इतकी की हजेरी घेताना नाव घेतलं तरच ती आहे हे कळावं. बाकी मग धावणारे, बोलणारे, रुसणारे, सगळ्या वर्गात असतात तसे. या चौघांची नावं देत नाही, पण पुढं सगळीकडं हेच चौघं येणार आहेत कारण प्लॅन खरं म्हणजे त्यांनीच बदलला.

पहिला प्लॅन आणि त्याचं काय झालं

पहिला प्लॅन नेहमीचाच होता. संगीत खुर्ची, फुगे फोडणं, चमच्यात चेंडू घेऊन चालायची शर्यत आणि शेवटी दोन टीम करून क्विझ, ज्याला उत्तर येईल त्यानं आधी हात वर करायचा. पहिला, दुसरा, तिसरा नंबर आणि बक्षिसं.

संगीत खुर्चीला किती वेळ लागतो ते बघावं म्हणून दहा दिवस आधी वर्गातच एकदा घेऊन बघितली. पहिल्याच फेरीत ती शांत मुलगी आउट झाली. खुर्ची तिच्या समोरच होती, पण दुसऱ्यानं धावत येऊन बसायला घेतलं तशी ती बाजूला सरकली, म्हणजे तिनं अक्षरशः जागा करून दिली, आणि मग भिंतीशी जाऊन बसली. हळूहळू भिंतीशी रांग वाढत गेली. दहा-बारा मुलं बसल्यावर त्यांचं एकमेकांना ढकलणं सुरू झालं, दोघं उठून पळापळी करायला लागले, एक जण रडला, आणि मधे जे खेळत होते त्यांच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. आम्ही दोघी खेळ घेतोय का भिंतीची रांग सांभाळतोय तेच कळेना. शेवटी खेळ अर्धवट सोडला.

त्या संध्याकाळी मी कागदावर हिशोब मांडला, आणि तो बघून मला खरंच वाईट वाटलं. २६ मुलं, दर फेरीला एक आउट, म्हणजे २५ फेऱ्या. एक फेरी एका मिनिटाची धरली तर पहिल्या फेरीत बाहेर गेलेलं मूल २४ मिनिटं बसून राहणार, दुसरं २३, तिसरं २२, असं करत सगळ्यांचं बसून राहणं मिळवलं तर ३०० मिनिटं होतात. सगळ्या मुलांचा मिळून खेळाचा वेळ ६५० मिनिटं. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ मुलं खेळत नसतात, नुसती बघत असतात. आणि सगळ्यात जास्त वेळ कोण बसतं, तर जे सगळ्यात बुजरं, सगळ्यात हळू, ज्याला खेळायची गरज सगळ्यात जास्त आहे ते.

एरवी एखाद्या दिवशी हे चालून गेलं असतं, हरायलाही शिकावं लागतं हे मलाही मान्य आहे. पण निरोपाच्या दिवशी? ज्या दिवशी सगळे शेवटचे एकत्र आहेत त्या दिवशी एखाद्याला तू बाहेर बस म्हणायचं, हे मला पटेना. त्याच दिवशी आम्ही दोघींनी एक गोष्ट ठरवली, की जो खेळ घेऊ त्यात पहिल्या मिनिटाला असलेली २६ मुलं शेवटच्या मिनिटालाही खेळात असली पाहिजेत. बाकी सगळं या एका अटीवरून ठरत गेलं.

इथं एक सांगायला हवं. या वयाच्या मुलांना जिंकण्या-हरण्याची जेवढी हौस आहे असं आपण धरून चालतो तेवढी ती नसते. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं गोट्या खेळणाऱ्या मुलांचं निरीक्षण करून १९३२ मध्ये लिहिलं होतं की लहान मुलं नियम पाळतोय असं म्हणत आपापल्या पद्धतीनं खेळतात आणि शेवटी सगळेच जिंकले असं त्यांना खुशाल वाटतं, एकमेकांशी जुळवून एकाच नियमानं स्पर्धा करणं साधारण ७-८ वर्षांपासून नीट जमायला लागतं. आमच्या मुलांकडं बघितलं तर हे रोज दिसतं, शर्यत संपली की सहा जण येऊन सांगतात ताई मी पहिला आलो, आणि सहाही जण खरं बोलत असतात. नंबर, ट्रॉफी, टाळ्या ही आपली मोठ्यांची गरज आहे असं मला हल्ली वाटतं.

खेळ कसे बदलले

फुगे पहिल्यांदा काढून टाकले. एक तर फुटल्याचा आवाज, आमच्या त्या मुलाला ती शिक्षाच झाली असती. दुसरं कारण जास्त गंभीर आहे, फुटलेल्या फुग्याचा तुकडा मुलं तोंडात घालतात आणि तो घशात जाऊन बसला की श्वास अडकू शकतो, अमेरिकेत तर फुग्यांच्या पाकिटावर ८ वर्षांखालच्या मुलांसाठी तशी सूचना छापणं बंधनकारक आहे. त्यामुळं सजावटीलाही कागदी झालरी आणि खेळायला स्पंजचे चेंडू. चमच्याची शर्यतही काढली, एकावेळी चार जण चालणार आणि बावीस जण रांगेत उभे राहणार, त्यात मजा काय.

संगीत खुर्ची मात्र ठेवली, फक्त उलटी करून. या प्रकारात खुर्च्या कमी होतात, मुलं कमी होत नाहीत, उरलेल्या जागेत सगळ्यांनी मावायचं. १९७० च्या दशकात कॅनडाच्या टेरी ऑर्लिक यांनी अशा सहकाराच्या खेळांवर बरंच काम केलं आणि तेव्हापासून हे खूप ठिकाणी खेळतात. पण खऱ्या खुर्च्या घेतल्या तर एकावर एक चढणार, खुर्ची कलंडणार, म्हणून आम्ही जमिनीवर रंगीत टेपनं गोल केले. वर्तमानपत्राचे कागदही टाकून बघितले होते, ते गुळगुळीत फरशीवर सर्रकन सरकतात, ते अजिबात नको. १३-१३ चे दोन गट, प्रत्येक गटाला सुरुवातीला ८ गोल, शेवटी ३. नियम एकच, म्युझिक थांबलं की निदान एक पाय गोलात हवा. एकच पाय ही सूट महत्त्वाची आहे, तिच्यामुळं ढकलाढकली एकदम कमी होते, कारण आत घुसायची गरजच उरत नाही, कडेनं धरून उभं राहिलं तरी चालतं.

आणि म्युझिक कुणी थांबवायचं, तर ज्याला आवाजाचा त्रास होतो त्यानं. ही कल्पना माझ्या सोबतच्या ताईंची. त्या म्हणाल्या की त्याला आवाजाची भीती नाहीये, आवाज कधी येईल हे माहीत नसतं त्याची भीती आहे, मग बटणच त्याच्या हातात देऊ. स्पीकरचा आवाज त्यालाच ठरवू दिला, त्यानं ठेवला तो बऱ्यापैकी हळू होता आणि मजा म्हणजे त्यामुळं बाकीची मुलंही कान देऊन ऐकायला लागली.

दुसरा खेळ सूचनांचा. डोकं म्हटलं की डोकं धरायचं, पाय म्हटलं की पाय, आणि थोड्या वेळानं उलटं, डोकं म्हटलं की पाय धरायचे. अशाच उलट्या सूचनांची चाचणी मुलांचा स्वतःवरचा ताबा मोजायला संशोधकही वापरतात, कारण मनात आलेली पहिली कृती थांबवून दुसरी करणं हे या वयात खरंच कठीण काम असतं. म्हणजे चुकणारं मूल निष्काळजी नसतं, ते शिकत असतं, आणि त्यालाच बाहेर बसवायचं हे किती उलटं आहे बघा. आम्ही समोरासमोर दोन रांगा केल्या, सूर्याची आणि चंद्राची. जो चुकेल तो समोरच्या रांगेत जातो आणि खेळत राहतो. पाच मिनिटांत निम्म्या मुलांनी दोन-दोनदा रांग बदलली होती आणि आपण नक्की कुठल्या रांगेत सुरुवात केली हेही त्यांना आठवत नव्हतं.

तिसरा, पार्सल. अनेक कागदांत गुंडाळलेलं पार्सल म्युझिक चालू असताना गोलात फिरवायचं, थांबलं की ज्याच्या हातात असेल त्यानं वरचा एक थर उघडायचा. एरवी यात एकच मूल शेवटचा कागद उघडतं आणि आतलं बक्षीस त्याचं. आम्ही दोन पार्सलं केली, प्रत्येकाला १३ थर, एका गोलात १३ मुलं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर एक थर. ज्याचं उघडून झालं त्याच्या हातावर स्टिकर, आणि म्युझिक स्टिकरवाल्याकडं थांबलं तर पार्सल पुढच्या बिनस्टिकरवाल्याकडं जायचं. बऱ्याच मुलांना अजून वाचता येत नाही म्हणून थरात चिठ्ठीऐवजी फोटो ठेवले, आमच्याच वर्गातल्या वस्तूंचे, पण अगदी जवळून काढलेले. दप्तराची चेन, खिडकीतल्या कुंडीचं एक पान, शार्पनरचं पातं, झोपाळ्याची साखळी, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा. ज्यानं थर उघडला त्यानं फोटो सगळ्यांना दाखवायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं. म्हणजे खेळातच क्विझ आली. सगळ्यात आत होता सगळ्यांचा एकत्र फोटो, प्रत्येकासाठी एक.

चौथा खेळ चादरीचा, तो शेवटी सांगते.

क्विझ: इथं सगळ्यात जास्त वेळ गेला

टीम आणि आधी हात वर करायची क्विझ का सोडली ते आधी सांगते. सराव म्हणून पाच प्रश्न विचारून बघितले होते, पाचही उत्तरं त्याच तीन मुलांनी दिली. बाकीच्या तेवीस जणांना येत नव्हतं असं नाही, त्यांचं डोकं चालू असतानाच कुणीतरी ओरडून मोकळं झालेलं असायचं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ होत्या, त्यांनी वर्गांत बसून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी साधारण एक सेकंद थांबतात, आणि ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं तरी जास्त मुलं बोलतात, उत्तरंही लांब आणि विचार केलेली येतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पार्टीच्या गोंधळात ते फार लांब वाटतात, म्हणून आम्ही मुलांनाच काम दिलं. प्रश्न झाला की सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि मनात म्हणायचं एक हत्ती, दोन हत्ती, तीन हत्ती. मग डोळे उघडायचे. डोळे मिटल्याचा दुसरा फायदा म्हणजे शेजाऱ्याचं बघून उत्तर देता येत नाही.

आता प्रश्न काय विचारायचे. सामान्य ज्ञान नको हे लगेच ठरलं, निरोपाच्या दिवशी इंद्रधनुष्याचे रंग किती हे विचारण्यात काय अर्थ. मग वर्षभरातल्या आठवणी विचारू असं म्हणालो, आणि दहा प्रश्न काढल्यावर लक्षात आलं की त्यातले सात त्या नवीन मुलाला येणं शक्यच नाही. तो तेव्हा इथं नव्हताच. त्याला वाटलं असतं की हा वर्ग माझा नाहीच. लहानपणीचे फोटो मागवून ओळखा पाहू करावं असं एका पालकांनी सुचवलं, ते दिसतं छान, पण प्रत्येक घरात तसे फोटो असतातच असं नाही, आणि ज्याच्याकडं नसेल त्याला ते का नाहीत हे सगळ्यांसमोर सांगायला लागावं हे बरोबर नाही.

शेवटी ठरलं 'मी कोण?'. प्रत्येक मुलावर एक कोडं, म्हणजे २६ कोडी, उत्तर नेहमी वर्गातलंच एक मूल. नियम आम्ही स्वतःला घालून घेतले. कोडं मूल काय करतं यावर हवं, कसं दिसतं यावर नको. उंची, चष्मा, केस, काही नाही. सगळ्यात हुशार, सगळ्यात शहाणी असलं काही नको, कारण एक सगळ्यात म्हटलं की पंचवीस जण त्यातून गळतात. बेस्ट फ्रेंड कोणाचा कोण हेही नको. गोष्ट गेल्या चार महिन्यांतली हवी. आणि त्या मुलाला आधी बाजूला घेऊन हळूच विचारायचं, तुझ्याबद्दल हे सांगू का? एकानं चक्क नाही म्हटलं. गोष्ट ऐकताना त्याला डुलकी लागते असं आम्ही लिहिलं होतं, आम्हाला ते गोड वाटलं होतं, त्याला नाही वाटलं. बदललं. आपल्याला कौतुक वाटतं ते मुलाला चिडवणं वाटू शकतं, हे मी यातून शिकले.

पंचवीस कोडी दोन संध्याकाळी लिहून झाली. "नळ वाहताना दिसला की मी जिथं असेन तिथून पळत येऊन बंद करतो" हे त्या नवीन मुलाचं. "मी शब्द कमी बोलते पण माझी चित्रं बघून सगळे हसतात" हे घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलीचं. "बाहेर पाऊस सुरू झाला हे सगळ्यांच्या आधी मला ऐकू येतं" हे आवाज सहन न होणाऱ्याचं, आणि हे अगदी खरं होतं.

सव्विसावं सुचेना.

त्या शांत मुलीबद्दल आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि लिहायला काहीच नव्हतं. शहाण्यासारखी बसते. त्रास देत नाही. हे काय कोडं झालं? दोन वर्षं ती रोज आमच्यासमोर होती, आणि आम्हाला तिच्याबद्दल तिनं काय केलं नाही तेवढंच सांगता येत होतं. मला फार लागलं ते. मग ठरवलं की दोन दिवस तिच्याकडं नीट लक्ष ठेवायचं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळी मुलं बाहेर पळाली, दारात चपला-बुटांचा नेहमीसारखा ढीग, आणि ती सगळ्यांच्या मागं राहिली. ढिगाशी उकिडवी बसली. एक बूट उचलला, त्याचा जोडीदार शोधला, दोन्ही टाचा भिंतीला टेकवून ठेवले, मग पुढचा जोड. घाई नाही, कुणी बघतंय का ते बघणं नाही. एका सँडलचा पट्टा आत दुमडला होता तो बोटानं बाहेर काढला. सगळे जोड लागले तेव्हा उठली, हात फ्रॉकला पुसले आणि खेळायला गेली.

तेव्हा आठवलं की सुट्टीनंतर मुलांना बूट नेहमी लगेच सापडायचे. आम्हाला वाटायचं मुलांना सवय लागली.

प्रत्यक्ष दिवशी

२६ कोडी एका दमात घेतली तर मुलं कंटाळणार, एका कोड्याला पाऊण मिनिट धरलं तरी वीस मिनिटं होतात. म्हणून ९, ९ आणि ८ असे तीन भाग केले आणि खेळांच्या मधे टाकले. गोलांचा खेळ, मग कोडी, मग सूर्य-चंद्र, मग कोडी, मग पार्सल, मग कोडी, मग चादर. पळायचं, बसायचं, पळायचं, बसायचं. हे आलटून पालटून ठेवणं फार उपयोगी पडतं, मुलं दमल्यावर बसायला स्वतःच तयार असतात, ओरडून बसवावं लागत नाही.

गोलांचा खेळ सुरू झाला तेव्हा म्युझिकवाला टेबलापाशी उभा होता, अंगठा बटणावर, श्वास रोखलेला. पहिल्यांदा थांबवलं आणि सगळा हॉल त्याच्या एका अंगठ्यानं थिजला, तेव्हा त्यानं मान वर करून सगळ्यांकडं बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी विसरणार नाही. त्या तासाभरात त्याचे हात कानांवर एकदाच गेले, पार्सलच्या वेळी, तेव्हा तो स्वतः गोलात होता आणि बटण माझ्याकडं होतं. शेवटी तीन गोल राहिले तेव्हा १३ मुलं एकमेकांचे खांदे, हात, कमरेचे पट्टे धरून एका पायावर उभी, आणि एक जण ओरडतोय याला धरा हा पडतोय. दहा दिवसांपूर्वी हीच मुलं खुर्चीवरून एकमेकांना ढकलत होती.

चुकाही झाल्या. पार्सलचे थर आम्ही चिकटपट्टीनं घट्ट बंद केले होते आणि ५ वर्षांच्या बोटांना ते उघडेना, काही थरांना दोन-दोन मिनिटं जायला लागली. सोळा मिनिटं धरलेला खेळ बावीसवर गेला. कागदाला फक्त सुतळीची एक सैल गाठ मारायला हवी होती, किंवा पट्टीचं एक टोक दुमडून ठेवायला. अशी गोष्ट आधी एखाद्या मुलाकडून उघडून बघावी, आपल्या हातांवरून अंदाज करू नये. आणि दोन गोल शेजारी-शेजारी असल्यानं एका गोलाचं उत्तर दुसऱ्या गोलाला ऐकू जात होतं, हॉलच्या दोन टोकांना बसवायला हवं होतं.

दुसरी अडचण पालकांची, आणि हे मी प्रेमानंच लिहितेय कारण त्यांच्याशिवाय काही झालं नसतं. कोड्यांच्या पहिल्या भागात मागं उभं राहून आपल्या मुलाला खुणा करणं सुरू झालं. अरे तो बघ, तो. मूल मग कोड्याचा विचार करायचं सोडून मागं वळून आईकडं किंवा बाबांकडं बघत बसतं. दुसऱ्या भागाच्या आधी आम्ही चौघांना चार कामं दिली, एक फोटो काढणार, एक स्टिकर लावणार, एक पार्सलांचे कागद गोळा करणार, एक पाणी देणार. खुणा आपोआप थांबल्या.

कोड्यांत उत्तर तोंडानं द्यायचं नव्हतं. तीन हत्ती झाले की ज्याच्याबद्दल वाटतं त्याच्याकडं दोन्ही हात पसरून दाखवायचे, मग ते मूल उभं राहणार आणि सगळे मिळून त्याचं नाव घेणार. त्यामुळं ज्या मुलीला बोलायला वेळ लागतो तीही प्रत्येक कोड्यात होती, तिचे हात तर बऱ्याच जणांच्या आधी पसरायचे. काही कोड्यांत हात दोन-तीन जणांकडं गेले. तिथं चूक-बरोबर केलं नाही, हो ग, तीही करते असं म्हणायचं आणि मग ज्याचं कोडं आहे त्याचं नाव सांगायचं. नळाचं कोडं वाचलं तेव्हा हत्ती मोजायलाही कुणी थांबलं नाही, सगळेच्या सगळे हात नवीन मुलाकडं. तो उभा राहिला, लाजला, आणि मग म्हणाला, आज पण केला बंद.

बुटांचं कोडं आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं नव्हतं, तिला ते दडपण झालं असतं. दुसऱ्या भागात सहावं होतं. "तुम्ही खेळायला पळता तेव्हा मी तुमच्या बुटांच्या जोड्या लावते. मी कोण?" मला धाकधूक होती की कुणालाच येणार नाही, आणि ती उभी राहील तेव्हा सगळे नुसते बघत राहतील. डोळे मिटले. एक हत्ती, दोन हत्ती, तीन हत्ती. डोळे उघडले तर सात-आठ हात तिच्याकडं होते. म्हणजे मुलांना माहीत होतं. मुलांनी बघितलं होतं, आम्ही नव्हतं बघितलं. ती उठून उभी राहिली, नाव सगळ्यांनी घेतलं, आणि तिच्या शेजारचा मुलगा आपल्या पायांकडं बघून तिला म्हणाला, माझे पण?

ती म्हणाली, तुझे रोज उलटे असतात.

दोन वर्षांत तिचं एवढं लांब वाक्य मी सगळ्यांसमोर ऐकलं नव्हतं.

चादरीचा खेळ शेवटी ठेवला कारण दमवून, ओरडवून मुलांना घरी पाठवायचं नव्हतं. दोन मोठ्या चादरी एकत्र शिवून घेतल्या होत्या. सगळ्यांनी कडा धरायच्या, एक-दोन-तीन म्हणून वर उचलायच्या, चादर फुगली की मी दोन नावं घेणार आणि ते दोघं खालून पळत जाऊन एकमेकांची जागा घेणार. नावांच्या जोड्या आधीच लिहून ठेवल्या होत्या, नाहीतर घाईत तीच तीच नावं तोंडात येतात आणि कुणीतरी राहून जातं. तेरा जोड्या, सगळी मुलं. मग चादर खाली घेऊन सगळे तिच्याखाली बसले. आत उजेड निळसर, कुणी मोठ्यानं बोलेना, एकमेकांचे चेहरे बघत बसले. दोन मिनिटं तसेच ठेवले. बाहेरून कडा उचलली तेव्हा एकानं आतली कड घट्ट धरून ठेवली होती, सोडेना. त्याला घाई केली नाही, बाकीचे उठेपर्यंत तो तसाच बसला आणि मग स्वतःच बाहेर आला.

जाताना प्रत्येकाला त्याच्या कोड्याची चिठ्ठी दिली, एकत्र फोटोसोबत. बक्षीस कुणालाच नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. एका वडिलांनी मात्र विचारलं की हे कोडं तुम्ही कसं काय बनवलं, घरी ती कधी असं काही करत नाही. मी त्यांना मधल्या सुट्टीचं सगळं सांगितलं, सँडलच्या पट्ट्यासकट.

पुढच्या वर्षासाठी आम्ही दोन बदल केलेत. पार्सलचे थर दहाच, मुलं लहान गोलांत. आणि कोड्यांसाठी शेवटच्या दहा दिवसांवर अवलंबून राहायचं नाही, पहिल्याच महिन्यात एक वही घातली, प्रत्येक मुलाला एक पान, त्यानं काय केलं ते दिसलं की त्याच दिवशी एक ओळ. नवीन गटात २४ मुलं आहेत. तिसरा महिना चालू आहे आणि नऊ पानं अजून कोरी आहेत, म्हणून या आठवड्यात मधल्या सुट्टीत आम्ही दोघी आळीपाळीनं दारापाशी उभ्या राहतोय.